वरची पट्टी, खालची पट्टी

तुर्नोव,
१५ एप्रिल १९८५

श्री. बोहुमिल क्रात्की यांस,

वर ‘श्री.’ पाहून दचकला असाल तर बरंच झालं. सतरा वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात प्लमच्या दारूचा पेला पेल्याला लावून आपण अरे-तुरेवर आलो होतो. ते मी आज परत घेते. आपल्या लोकांत असं कोणी करत नाही, ठाऊक आहे मला. मेलेल्या मित्राचं झाडही कोणी पळवत नाही. तुम्ही पळवलंत.

काल प्रागला डोंगरी फुलझाडांच्या क्लबच्या प्रदर्शनात गेले होते. लुडविक गेल्यानंतर पहिल्यांदाच. म्हटलं, दोन वर्षं झाली, आता जाऊन बघावं, खडकाच्या फटीत वाढणाऱ्या त्या दगडफोड्या फुलल्या असतील. आणि दगडफोडीच्याच टेबलावर, बक्षिसाच्या निळ्या कागदाशेजारी ती बसली होती. तळहाताएवढी करडी-हिरवी गादी, काट्यासारखी बारीक पानं, आणि वर बोटभरही देठ नसलेली फुलं. ना पिवळी, ना गुलाबी. पिकत आलेल्या जर्दाळूचा रंग. तो रंग साऱ्या देशात एकाच ठिकाणी होता, माझ्या अंगणातल्या दगडाच्या फटीत. खाली लिहिलं होतं: ‘तिश्नोवचं जर्दाळू. संकर आणि संगोपन: बोहुमिल क्रात्की.’

तुम्ही पलीकडे सॉसेज खात लोकांकडून अभिनंदन घेत होतात. मला पाहिलंत आणि तुमच्या दाढीला मोहरीचा सॉस लागला. मी बोलले नाही, कारण तिथे बोलले असते तर टेबल उलटं केलं असतं, आणि बाकीच्या झाडांचा काय दोष?

लुडविकने आयुष्यभर मालगाड्या ओढल्या. आम्हाला मूल नाही. त्याच्या मागे त्याचं नाव सांगायला हे एक फूल आहे, दुसरं काही नाही. क्लबच्या यादीत त्या फुलापुढे ‘लुडविक होलुब’ छापून आलं पाहिजे. तुमचं नाव काढा. आठ दिवसांत उत्तर हवं.

दागमार होलुबोवा

•

तिश्नोव,
२२ एप्रिल १९८५

प्रिय दागमार,

तू अहो-जाहो कर, मी तुला अगंच म्हणणार. तुझं पत्र वाचून यार्मिलाने मला कॅमोमाइलचा चहा करून दिला. चाळीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, पण इतका स्फोट प्रयोगशाळेत कधी झाला नव्हता.

तू दुःखात आहेस, म्हणून मी मनाला लावून घेत नाही. पण ‘पळवलं’ हा शब्द गिळून टाक. लुडविकने १९८२च्या शरदात, आजारी असताना, त्या झाडाचे चार फुटवे मला स्वतःच्या हाताने दिले. सिगारेटच्या डब्यात, ओल्या शेवाळात गुंडाळून. मी ते माझ्या दगडी डोणीत लावले. तीन हिवाळे काढले. वरून पाणी लागू नये म्हणून काच धरली, खालून कुजू नये म्हणून खडी बदलली. ते जगलं ते माझ्यामुळे. तुझ्याकडचं अजून जिवंत आहे हेच मला नवल वाटतं, कारण तुझा तर बाई फुलझाडांपेक्षा कोबीवर जीव.

आणि आणखी एक सांगतो, तुला पटो न पटो. ती दगडफोडी लुडविकची नव्हती. शपथेवर सांगतो. याहून जास्त विचारू नकोस. लुडविक माझा मित्र होता आणि आहे.

वहीचं म्हणशील तर मीच त्याच्या संकरांच्या नोंदवह्या नेल्या होत्या, खरं आहे. १९७६च्या मार्चचं पान त्यात नाही. मी फाडलेलं नाही. मला मिळाली तेव्हाच ते नव्हतं.

यार्मिलाचा नमस्कार.

बोहुमिल

•

तुर्नोव,
२७ एप्रिल १९८५

श्री. क्रात्की,

वहीबद्दल मी विचारलंच नव्हतं. चोराच्या मनातलं आपोआप बाहेर आलं, बरं झालं. म्हणजे ७६च्या मार्चचं पान तुम्ही फाडलंत, हेही आता कळलं.

मला कोबी शिकवता? बल्गेरियातल्या पिरीनच्या डोंगरावर तुम्ही दोघे कसे होतात ते मला आठवतं. १९७३चा जुलै. पांढऱ्या संगमरवरी कड्याखाली तुम्ही दोघे पोट सावरत उभे, दुर्बीण डोळ्यांना, आणि वर, पुढे झुकलेल्या खडकाच्या पोटाला ती पिवळी दगडफोडी. एकच, बिया धरलेली. ‘दागमार हलकी आहे,’ म्हणालात दोघेही, एका सुरात. दोर माझ्या कमरेला बांधला आणि मला वरून खाली सोडलं. काडेपेटीत बिया मी भरल्या. गुडघ्यावरचा वण अजून आहे. क्लबच्या अंकात फोटो आला: ‘होलुब आणि क्रात्की यांनी शोधलेली पिवळी’. मी तेव्हा हसले होते. आता तो फोटो पाहिला की वाटतं, दोर तुमच्या कमरेला बांधायला हवा होता. मग कड्याला कळलं असतं वजन म्हणजे काय.

लुडविकचं सगळं काम त्या पिवळीवर उभं आहे. मार्चमध्ये फुलं थांबत नाहीत, आणि मार्चमध्येच तो कधी गाडी घेऊन तीन-तीन दिवस बाहेर असायचा. तेव्हा कुंचल्याने पराग मीच लावायचे, त्याने लिहून ठेवलेल्या यादीबरहुकूम. एकदा यादी मोडली तर आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. इतका तो काटेकोर. अशा माणसाचं झाड त्याचं नव्हतं म्हणता?

मी क्लबच्या समितीचे अध्यक्ष श्री. व्हावरा यांना पत्र टाकलं आहे. त्यांचं उत्तर आलं: नवी नावं तीस जूनला छपाईला जातात, एकदा छापलं की बदलत नाही. तोवर पुरावा आणा.

पुरावा आहे. लुडविक प्रत्येक झाडाला दोन पट्ट्या लावायचा, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावरून तुम्हीच त्याची टिंगल करायचात. खिडकीच्या जुन्या व्हेनेशियन पडद्याच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, खिळ्याने कोरलेल्या. एक वर, लोकांसाठी. एक खाली, मुळाशी, कारण वरची कस्तूर पक्षी उपटून नेतात. माझ्याकडच्या गादीजवळ वरची अजून आहे: ‘लु. हो., ७६.’ तुम्हाला ती पुरणार नाही, म्हणाल नंतर खोवली. ठीक आहे. मी खालची काढते.

दागमार होलुबोवा

•

तिश्नोव,
६ मे १९८५

दागमार,

खणू नकोस.

हे बागवान म्हणून सांगतो. नऊ वर्षांची गादी आहे ती. सगळे गुच्छ एकाच मानेवर, आणि मूळ दगडाच्या फटीत हातभर खोल. मे महिन्यात तो दगड फोडलास तर जूनमध्ये तुझ्या हातात वाळका स्पंज असेल. एका कागदाच्या हट्टापायी लुडविकचं झाड मारशील?

आणि मित्र म्हणूनही सांगतो, खणू नकोस. जे सापडेल ते तुला आवडणार नाही. तुझ्या आठवणीत लुडविक जसा आहे तसा राहू दे. मी चोर ठरलो तर ठरलो, माझी पाठ रुंद आहे. व्हावराला काय सांगायचं ते मी बघतो. हवं तर यादीत ‘होलुब यांच्या बागेतून’ असं घालायला सांगतो. तेवढ्यावर सोड ना, बाई. किती ओढशील?

बोहुमिल

(याच पाकिटात, चौपदरी घडी घातलेली चिठ्ठी, वेगळ्या अक्षरात:)

दागमार, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून हे आत टाकते. ८२ साली लुडविक आमच्या व्हरांड्यात बसून बोलला तेव्हा मी आत बटाटे सोलत होते. खिडकी उघडी होती. मी तुला काही सांगणार नाही, तू स्वतः वाच. खण. — यार्मिला

•

तुर्नोव,
१९ मे १९८५

बोहुमिल,

अहो-जाहो करायला राग आटोक्यात असावा लागतो. आज नाहीये. म्हणून ‘तू’. दोस्तीतला ‘तू’ समजू नकोस, कुत्र्याला म्हणतात तो.

खणलं. आधी बारीक सुरीने गादीतून चौदा गुच्छ कापून ओल्या वाळूत लावले, मग लुडविकचीच छिन्नी आणि त्याचाच हातोडा घेतला. चुनखडीचा दगड सावकाश उकलत गेले. तू म्हणालास तसंच मूळ होतं, हातभर. अर्ध्यावर तुटलं. मोठ्याने ओरडले मी. शेजारीण कुंपणाशी धावत आली. सगळ्यात खाली, खडीत, आडवी ठेवलेली पट्टी होती. लुडविकचं अक्षर, खिळ्याचं. तुझ्यासाठी जशीच्या तशी लिहिते:

‘दा.ची चूक. पिरीन पिवळी × गुलाबी. ९ मार्च ७६.’

मी तिथेच चिखलात बसले, आणि मला सगळं आठवलं.

नऊ मार्चला लुडविक कोळशाची गाडी घेऊन ओस्त्रावाकडे गेला होता. यादीत होतं: पिवळीवर पांढरीचे पराग. आदल्या दिवशी धुकं आलं होतं. पांढरीच्या फुलात पाणी साचलं होतं, पराग ओले, कुंचल्याला गोळा होऊन चिकटत होते. पिवळी मात्र त्याच दिवशी तयार होती, दुसऱ्या दिवशी नसती. सुके पराग फक्त गुलाबीचे होते. मी विचार केला आणि लावले. विचार करून, बोहुमिल. माझी नजर चुकली नव्हती, हातही चुकला नव्हता. तो परत आला तेव्हा मी सांगितलं. तो म्हणाला, ‘तुला कुणी डोकं चालवायला सांगितलं होतं? वर्ष वाया घालवलंस. ते बी चुलीत टाक.’ मग आठवडाभर अबोला. बी धरलं तेव्हा मी खरंच ती पुडी कोळशाच्या बादलीत टाकली. टाकताना रडले होते. आणि त्याने ती माझ्या पाठीमागे बादलीतून उचलली, पेरली, चार वर्षं वाढवली, आणि फूल आलं तेव्हा मला हाक मारली: ‘ये, बघ मी काय काढलंय!’

मी टाळ्या वाजवल्या. दागमार बाईंनी टाळ्या वाजवल्या! केक केला, खसखशीचा. तू आला होतास खायला.

वर ‘लु. हो.’, खाली ‘दा.ची चूक’. लोकांना दाखवायला एक आणि जमिनीत पुरायला दुसरं. खोटं बोलवलं नाही त्याच्याने, म्हणून पुरलं. वहीतलं ते पानही त्यानेच फाडलं. तुझ्यावर तो आळ घेतला, तेवढा मागे घेते. तेवढाच.

आता तू सांग. व्हरांड्यात त्याने तुला काय सांगितलं? सगळं सांग. पुन्हा मित्राची पाठ राखायला गेलास तर मी तिश्नोवला येईन आणि तुझी डोणी फोडेन. छिन्नी हातातच आहे.

दागमार

•

तिश्नोव,
२७ मे १९८५

प्रिय दागमार,

तीन वेळा लिहून फाडलं.

लुडविक म्हणाला होता, ‘हे माझं नाही, दागमारचं आहे. तिला सांगायची छाती झाली नाही. सहा वर्षं झाली आता, सांगितलं तर म्हणेल सहा वर्षं का गप्प होतास.’ मी म्हटलं, सांग बाबा, अजून वेळ आहे. तो म्हणाला, बघू. तीन महिन्यांनी आपण त्याला पोहोचवून आलो. फुटवे देताना त्याने एवढंच मागितलं होतं की हे मरू देऊ नकोस.

मग ते माझ्याकडे फुललं, व्हावरा आला, त्याने विचारलं, कुणाचं? लुडविकचं म्हणू शकत नव्हतो, ते खोटं ठरलं असतं. ते लुडविकचं नाही म्हटल्यावर कुणाचंच नाही असं मी धरलं. आणि वाढवलं तर मी होतं. तोंडातून माझं नाव निघून गेलं. तू कधी क्लबात बसली नाहीस, तुझं एकही झाड यादीत नाही. तुझं नाव मला सुचलंच नाही, हे मी खरं सांगतो. वाईट हेतू नव्हता.

चूक झाली. ती सुधारू. मी व्हावराशी बोललो आहे. झाडाला ‘दागमार’ असं नाव देऊ. किती छान वाटेल यादीत! आणि खाली, संकर: लु. होलुब, संगोपन: बो. क्रात्की. म्हणजे सगळ्यांचा मान राहिला, मेलेल्याचाही. तू हो म्हण, मी लगेच फॉर्म पाठवतो.

तुझी गादी कशी आहे?

तुझा,
बोहुमिल

•

तुर्नोव,
२ जून १९८५

बोहुमिल,

गादी मेली. चौदातल्या नऊ छाटण्याही काळ्या पडल्या. पाच हिरव्या आहेत.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा विश्वास बसला नाही. ‘कुणाचंच नाही असं धरलं.’ दोन पुरुषांत एकाचं नाही म्हणजे कुणाचंच नाही. मी सुचलेच नाही! वाईट हेतू असता तर मी सोसलं असतं, बोहुमिल. वाईट हेतू असायला माणूस आधी दिसावा तरी लागतो. त्या कड्याखाली ‘दागमार हलकी आहे’ म्हणालात, तेव्हाही तुम्ही दोघे माझ्याकडे नव्हता बघत, दुर्बिणीतून झाडाकडे बघत होतात.

आणि आता काय, तर झाडाला माझं नाव! मी फूल, आणि मला घडवणारे तुम्ही दोघे! चांदीच्या ताटात घालून अपमान आणलास, वर म्हणतोस, किती छान वाटेल.

माझ्या नवऱ्यावर मी सत्तावीस वर्षं प्रेम केलं. अजून करते, म्हणून तर इतकी जळते. महिनाभर मी जगाशी भांडले ते त्याच्या नावासाठी, आणि तो खाली, खडीत, सगळं लिहून निवांत झोपला होता. आज थडग्यावर गेले होते. पाणी घातलं नाही. उभ्याने बोलले, चांगलं अर्धा तास. शेजारच्या थडग्यावर आलेले म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन निघून गेले.

फॉर्म मी स्वतः मागवला, भरला आणि व्हावरांना रजिस्टरने पाठवला, पट्टीच्या फोटोसकट. नक्कल तुझ्यासाठी:

वनस्पती: सॅक्सिफ्राज, गादीची जात.
आईबाप: पिरीन पिवळी × गुलाबी.
संकर: दागमार होलुबोवा, ९ मार्च १९७६.
संगोपन: लुडविक होलुब, तुर्नोव. (त्याने वाढवलं, ते मी नाकारत नाही. मी तुमच्यासारखी नाही.)
नाव: ‘चूक’.

तुझं नाव कुठेही नाही. सुचलं नाही.

डोणीतलं सगळं मला हवंय. एक गुच्छही ठेवायचा नाही.

दागमार

•

तिश्नोव,
९ जुलै १९८५

दागमार,

मी यार्मिला. तो लिहायला बसतो आणि पेन्सिलीला टोक काढत राहतो, म्हणून मीच लिहिते.

डोणी मी रिकामी केली. तो मध्ये आला, म्हणाला, उन्हाळ्यात हलवतात का कधी! मी म्हटलं, मेमध्ये दागमारने दगड फोडला, तू जुलैत डोणीला हात लावू देत नाहीस? सरक. तीन गाद्या आणि सुटे गुच्छ लाकडी खोक्यात, शेवाळात, कापसात बांधून रेल्वेने पाठवले आहेत. गुरुवारी स्टेशनवर मिळतील. लुडविकचे जुने सोबती आहेत तिथे, सांभाळून उतरवतील.

समितीत नावावरून बराच आरडाओरडा झाला म्हणे. एक जण म्हणाला, इतक्या सुंदर फुलाला असलं नाव! व्हावरा म्हणाले, बाईंनी पुरावा दिलाय, नावही बाईच देणार. छापून आलं. बोहुमिल अंक घेऊन बसला होता, मग अंक उलटा ठेवून बाहेर गेला.

मी तुला १९८२मध्येच सांगायला हवं होतं. मी बटाटे सोलत राहिले. त्याबद्दल तू मलाही चार शब्द सुनाव, मी ऐकून घेईन.

यार्मिला

•

तुर्नोव,
२३ मार्च १९८६

बोहुमिल आणि यार्मिला,

यार्मिला, तुला सुनवायचे चार शब्द मी तयार ठेवलेत, ते समोरासमोर सांगेन. कॉफी मात्र तू कर.

बोहुमिल, तुझ्यावरचा राग गेलेला नाही. लुडविकवरचाही नाही. हिवाळाभर वाट पाहिली, वितळेल म्हणून. बर्फ वितळला, तो नाही वितळला. तो असू दे, मला त्याची अडचण होत नाही. त्याला घेऊनच मी रोज बागेत जाते.

माझ्या पाचातल्या तीन जगल्या. खोक्यातल्या सगळ्या जगल्या. पॅकिंग चांगलं होतं. मी त्या जुन्याच दगडाचे दोन तुकडे पुन्हा शेजारी उभे करून मधल्या फटीत लावल्या. काल पहिली कळी उघडली. तोच रंग. दर वेळी वाटायचं, लुडविकच्या हातचा आहे. काल पहिल्यांदा मी त्या फुलाकडे माझं म्हणून पाहिलं आणि वाकून, एकटीच, बराच वेळ शिव्या देत बसले. आणि मग हसले. धुकं पडलं, पराग ओले झाले, आणि माझ्या डोक्याने काम केलं. एवढंच तर झालं होतं.

पट्ट्या मी कोरल्या, त्याच पडद्याच्या, त्याच खिळ्याने. आज सकाळी बघते तर वरची नव्हती. कस्तूर कुंपणावर बसला होता, चोचीत गवत, चेहरा निर्दोष. पूर्वी मी घाबरले असते. आज त्याला म्हटलं, ने. वरच्या पट्टीवर ‘दागमार होलुबोवा’ लिहिलं होतं.

खालच्या पट्टीवरही तेच लिहिलंय.

दागमार